दाताच्या कण्या

जेलरोडच्या डॉक्टर बागूलबाईंनी
ओठ वर उचलला, म्हणाल्या, बघा काका.
मी बघितलं.
मागच्या दाढेवर किटण,
जळक्या पाकासारखं घट्ट बसलेलं,
आणि हिरडीच्या कडेनं एक लाल रेघ,
जागा सोडून फुगलेली.

एकोणतीस वर्षं मी नोटांच्या छापखान्यात
कोऱ्या तावांतले दोष काढले.
फुटलेली शाई, सरकलेला आकडा,
केसाएवढी रेघ हलली
तरी तो ताव माझ्या हातून पुढे गेला नाही.
आणि इथं उपनगरात, पायाशी,
नऊ वर्षं हा माझ्या तोंडासमोर जांभया देत होता.

नाव गव्हर्नर. कुमुदनं ठेवलेलं.
म्हणायची, या रस्त्यावरच्या प्रत्येक खांबावर
सही याचीच चालते.

वास येत होता.
येत होता की.
कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तर येणार, म्हणून सोडून दिलं.
भाकरी एकाच बाजूनं चावायचा,
मान तिरकी करून,
जणू दुसऱ्या बाजूला कुणी काही सांगतंय.
आम्ही हसायचो. शेजारचे ढिकलेही हसायचे.
एवढं दुखत असताना
त्यानं एकदाही कुणावर दात विचकला नाही,
ते मला आता आठवतं.

कुमुद गेली, आणि तिचं चहात बुडवलेलं बिस्किट
मी चालू ठेवलं.
सकाळी दोन, संध्याकाळी दोन.
बाकी तिचं काही मला जमत नव्हतं,
ना डाळीची फोडणी, ना पडद्यांच्या घड्या.
हे जमत होतं.
तेच त्याच्या दाढेला चिकटत गेलं.

भूल देऊन तीन दाढा काढल्या.
स्टीलच्या ट्रेमध्ये, दोन-दोन मुळांच्या,
कुणाच्या तरी शेतातून उपटून आणल्यासारख्या.
बाईंनी बजावलं,
तुमची पेस्ट लावू नका, त्याला थुंकता येत नाही, गिळतो.
हाड नको, शिंग नको, दात फुटतो.
आणि द्राक्षं? एकही नाही.
म्हटलं, बाई, नाशकात राहतो,
फाल्गुनात पेटी घेतल्याशिवाय पाहुणा दारात उभा राहत नाही.
म्हणाल्या, म्हणूनच सांगते.

मग सुरू झालं.
बोटात घालायचा रबरी ब्रश,
कोंबडीच्या वासाची पेस्ट. माझा जन्म शाकाहारात गेला.
पहिल्या दिवशी तो दिवाणाखाली, मी जमिनीवर आडवा,
दाताच्या कण्या केल्या अक्षरशः,
ये रे, उघड रे, एकच दात दे.
दुसऱ्या दिवशी नुसतं बोट चाटलं.
पाचव्या दिवशी ओठाला हात लावू दिला.
सुळा मिळाला तो एकादशीचा दिवस होता.
दाढांच्या आतल्या बाजूचं फार मनावर घेऊ नका,
बाई म्हणाल्या, तिकडं जीभ फिरते.
त्याची जीभ माझ्यापेक्षा कामसू निघाली.

आता रोज साडेसातला
मी त्याला पूर्वेच्या खिडकीशी घेतो.
जुनी सवय. उजेडाविना मला दोष दिसत नाही.
ओठ उचलतो, हिरडी बघतो,
फिकट गुलाबी, आपल्या जागेवर असलेली.
लांबून नाशिकरोडच्या स्टेशनवरची घोषणा येते,
त्याचे कान तिकडं, तोंड माझ्याकडं.

बिस्किटं आता मी खातो. चारही.
कवळीला चिकटतात.
रात्री ती वाटीत काढून घासायला बसलो
की गव्हर्नर समोर येऊन बसतो,
मान सरळ,
आणि शेवटचा दात होईपर्यंत हलत नाही.

खालची उजवी बाजू त्यानं अजून दिलेली नाही.
उद्या बघू.